तिसरं पिंप

माझ्या सुनेनं आजवर मला एकच गोष्ट करू नका म्हणून सांगितली आणि मी नेमकी तीच केली.

पण त्याआधी माझं एक खोटं सांगून टाकते, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. सून शिरवळजवळ बिअर बनवते. मोठी कंपनी नाही ती. एका शेडमध्ये स्टीलच्या टाक्या, पाचसहा माणसं, पुण्याचे एक मालक, आणि बिअर कशी व्हावी हे ठरवणारी माझी सून. लग्न ठरतानाच तिनं हे आमच्यासमोर बसून सांगितलं होतं, काही हातचं राखलं नाही. राखलं ते मी. गावात कुणी विचारलं, “बाई, सून कुठं कामाला?” की मी म्हणायची, “खाण्यापिण्याच्या वस्तूंची कंपनी आहे.” शेजारच्या काकींनी एकदा फारच खोदून विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, “लोणची, मुरंबे, असलंच काहीतरी.” तीस वर्षं शाळेत मुलांकडून ‘नेहमी खरे बोलावे’ गिरवून घेतलेली बाई मी.

आणि गाव तरी कुठलं, तर तासगावच्या बाजूचं, जिथं घरटी द्राक्षबाग आहे. आमच्याच बागेत एक एकर काळी द्राक्षं आहेत, वाईनच्या कारखान्याला जाणारी. बारीक मणी, जाड साल आणि आत नुसत्या बिया. पोरं तोंडात टाकतात आणि लगेच थुंकतात. त्या एकरानं उगाच जमीन अडवलीय असं मी कायम म्हणत आले. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. दर शनिवारी कँटीनच्या रमचे दोन पेग घेतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. द्राक्षं चालतात, रम चालते. सुनेनं बिअर करायची म्हटलं की मात्र माझी जीभ टाळूला चिकटायची.

दोन वर्षं ती मालकांच्या मागे लागली होती. वाईन मुरवून रिकामी झालेली लाकडी पिंपं आणायची, त्यात आपली काळी बिअर भरायची आणि महिनोन्‌महिने मुरत ठेवायची, असं तिच्या डोक्यात होतं. ती त्यांना बॅरल म्हणते, माझ्या तोंडी पिंपच येतं. मालक शेवटी तयार झाले, पण अट घालून. तीन पिंपं आणा. नीट निघाली तर दर वर्षी आणू, नाहीतर हा लाकडाचा नाद कायमचा सोडायचा आणि स्टीलच्या टाक्या सांभाळायच्या. हे मला फोनवर सांगताना तिचा आवाज निकालाच्या आदल्या दिवशीच्या मुलीसारखा झाला होता.

मार्च महिना होता. आमची काळी द्राक्षं जातात त्याच वाईनच्या कारखान्यातून पिंपं निघाली आणि तिकडं शिरवळच्या शेडमध्ये नेमकं फरशीचं काम चालू. उन्हात ठेवली तर लाकूड तडकेल, म्हणून तिनं ती दोन दिवस आमच्या बेदाण्याच्या खोलीत उतरवायचं ठरवलं. ही खोली घराच्या मागे आहे, दगडी, बिनखिडकीची. सुकवलेले बेदाणे विकायला जाईपर्यंत तिथंच क्रेटमध्ये असतात. भर उन्हाळ्यात दार उघडलं की गारवा आणि बेदाण्याचा वास एकदम अंगावर येतो. फोनवर ती म्हणाली, “आई, नुसती सावलीत राहू द्या. बूच काढू नका. तुम्ही त्यांना काही म्हणजे काही करू नका.”

आता यातली गोम बाहेरच्या माणसाला कळायची नाही. आमच्याकडं सून जेव्हा सासूला म्हणते, “तुम्ही काही करू नका, राहू द्या,” तेव्हा ते करायचंच असतं. मी माझ्या सासूबाईंना वीस वर्षं “राहू द्या आत्याबाई” म्हणत आले आणि त्या उठून करत आल्या. त्यांनी खरंच राहू दिलं असतं, तर मी चार दिवस तोंड फुगवून बसले असते. शिवाय सुनेसाठी आपण काहीतरी करावं, असं बरेच दिवस मनात होतं. मुलगा फौजेत, लांब ईशान्येकडं. ती बिचारी एकटी शिरवळला खोली घेऊन राहते. तिच्या कामाबद्दल चार लोकांत बोलायची मला लाज वाटते हे मला कळत होतं, आणि त्याची भरपाई कुठंतरी करावी असंही वाटत होतं.

मी एका पिंपाचं बूच काढलं आणि नाकाला पदर लावला. आंबूस, उग्र वास. बॅटरी मारून आत बघितलं तर बुडाशी जांभळा गाळ. शी! असल्या घाणीत कुणी काही भरतं का? हे त्या दिवशी सांगलीला कँटीनच्या सामानाला गेले होते, नाहीतर “ऑर्डर म्हंजी ऑर्डर” म्हणून त्यांनी मला अडवलं असतं. मी बंब पेटवला, पाण्यात सोडा टाकला आणि पिंप ढकलत अंगणात आणायला लागले. तेवढ्यात शेजारच्या काकी आल्या.

“आवं बाई, ह्ये काय काढलंय? लोणच्याचं पिंप व्हय?”

काय सांगणार? “व्हय,” मी म्हटलं.

“सुनंच्या कंपनीचं दिसतंय. थांबा, एकटीनं कशाला वडताय? कंबर मोडंल.”

काकी सत्तरीच्या पुढं, पण हाडानं चिवट. दोघींनी मिळून ते पिंप कढत पाणी भरभरून अंगणभर लोळवलं. पहिलं पाणी गर्द जांभळं आलं, दुसरं गुलाबी, तिसरं मळकट. पाचव्या वेळी नितळ पाणी आलं तेव्हा मला कोण अभिमान वाटला! मग दिवसभर ते उन्हात. संध्याकाळी काकी परत आल्या, हातात हिंगाची पुडी.

“लोणच्याचं पिंप म्हंजी हिंगाची धुरी पायजेच की. न्हाईतर वर्साच्या आत बुरशी धरतीया.”

लोणचं भरण्याआधी बरणीला धुरी देतात तशी. निखाऱ्यावर हिंग टाकायचा आणि बरणी वर पालथी धरायची. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे पिंपात काय भरणार तेही सांगावं लागणार. मी निखारे आणायला उठले. दोन ओंडक्यांवर पिंप आडवं ठेवलं, भोक खाली केलं आणि खाली पळीत निखारे. काकींनी सढळ हातानं हिंग टाकला. अर्ध्या आळीला भूक लागली असेल इतका वास सुटला. हे यायच्या आत दोघींनी ते पिंप परत खोलीत ढकललं. बाकीची दोन उद्या करू म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी माझी कंबर अशी धरली की उठता येईना. त्या कंबरेचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

शनिवारी सून टेम्पो घेऊन आली. सगळ्यात पुढच्या, न धुतलेल्या पिंपाचं बूच तिनं काढलं आणि भोकाला नाक लावून कितीतरी वेळ वाकून राहिली. उठली तेव्हा तिचा चेहराच बदलला होता.

“आई, हा वास म्हणजे अर्धी बिअर बरं का. लाकडात वाईन मुरलीय ना, तीच आपल्याला पाहिजे. हे धुतलं तर मग नुसतं सरपण.”

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. ‘एक मी धुऊन ठेवलंय गं’ हे शब्द अगदी ओठावर आले होते, कौतुक करून घ्यायला. ते मी चहाबरोबर गिळले. टेम्पोवाला घाई करत होता, तिनं बाकीची दोन उघडलीच नाहीत. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “थंड जागेत किती छान राहिली, नाही?”

पुढचे आठ महिने मी मनातल्या मनात कुढत होते. एकदा तिचा फोन आला की एका बॅरलला जरा गंधकाचा वास येत होता. रिकाम्या बॅरलमध्ये कारखानेवाले गंधकाची वात जाळतात म्हणे, खराब होऊ नये म्हणून. तिनं गार पाण्यानं खळबळून घेतलं आणि भरलं. “तोच वास असणार ना?” ती मलाच विचारत होती. मी म्हटलं, “असेल.” लोणच्या-मुरंब्याचं खोटं एकवेळ देवानं माफ केलं असतं, पण हा ‘असेल’ मला रात्रंदिवस टोचत राहिला.

थंडी पडली आणि बोलावणं आलं. पिंपं उघडायची होती, आम्ही दोघांनी यायचंच, असा तिचा हट्ट. “आपल्या बागेची द्राक्षं पण असतील त्यात,” ती म्हणाली. सातारा मागे पडला, खंबाटकीचा बोगदा आला, तसं परत फिरूया म्हणावं असं मला वाटायला लागलं. हे मात्र नवी टोपी घालून खुशीत होते.

शेडमध्ये मालक होते आणि त्यांचे दोन पाहुणे, बिअरमधले जाणकार. कोपऱ्यात तिन्ही पिंपं आडवी मांडलेली. पिंपाच्या सपाट तोंडावर एक स्टीलचा खिळा ठोकलेला होता. सुनेनं पकडीनं तो ओढला आणि आतून सुईच्या धाग्याएवढी बारीक धार ग्लासात पडायला लागली. काकवीच्या रंगाची, उजेडात धरली तर कडेला लाल. धारेचा आवाज तेवढा येत होता. तिनं खिळा परत बसवला आणि पहिला ग्लास मालकांच्या आधी माझ्या हातात दिला.

मी अठ्ठावन्न वर्षांची. दारूचा थेंब कधी जिभेला लावला नव्हता. पहिला घोट नुसता कडू लागला, भाजताना करपलेल्या धान्यासारखा, आणि मी तोंड वाकडं करणार तेवढ्यात सून हळूच म्हणाली, “आई, लगेच गिळू नका. थांबा थोडं.”

मी थांबले. आणि मला एकदम आमच्या बेदाण्याच्या खोलीत गेल्यासारखं झालं. भर दुपारी दार ढकलून आत पाय टाकावा, तसं. आधी गारवा, मग तो गोड, जड, जरासा आंबट वास. त्याच्यामागे ओल्या करवंटीसारखं लाकूड. आणि शेवटी, घोट गेल्यावर कितीतरी वेळानं, त्या काळ्या द्राक्षाची जाड साल, जी पोरं थुंकतात ती. तीच तुरट चव, पण कशी होऊन आलेली! मी डोळे मिटून उभी राहिले. मला खरंच रडू आलं. ज्या एकराला मी जन्मभर नावं ठेवली, तो इतक्या हातांतून, इतक्या काळोखातून फिरून माझ्या जिभेवर परत आला होता, आणि मला ओळख देत होता.

“काय केलंस गं हे?” मी विचारलं.

“मी काहीच नाही केलं,” ती हसली. “भरलं आणि दार लावलं. आठ महिने हात लावायचा नाही, एवढंच अवघड असतं.”

ते ऐकून मी आणखीच थक्क झाले. आयुष्यभर मी घासलं, पुसलं, धुतलं. नुसतं न धुण्यानं, न उघडण्यानं काही घडतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. शेजारी हे ग्लास धरून ताठ उभे होते. कर्नलसाहेबांपुढं तरी इतके सरळ उभे राहिले असतील का, कोण जाणे. घोट उतरल्यावर म्हणाले, “आपली रम म्हंजी नुसती गुरकावती गं. ह्ये बोलतंय.”

दुसरं पिंप पहिल्याचं भावंड, पण स्वभाव वेगळा. आंबट जास्त, अंगानं हलकं. तेच लाकूड, तीच बिअर, त्याच दिवशी भरलेली, तरी निराळी. पाहुणे मान डोलवत होते, मालक हसत होते, आणि सुनेच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सुटली होती. मग ती तिसऱ्या पिंपाकडं वळली. मी पदर आवळून मागे सरकले.

धार आली. एका पाहुण्यानं घोट घेतला आणि भुवया वर केल्या. “धूर आहे का हा?” दुसरे म्हणाले, “मशरूम? की चामडं?” मालकांनी हुंगलं आणि ग्लास खाली ठेवला. “हे काहीतरी सडलंय. तरी मी म्हणत होतो, लाकडाचा भरवसा नाही. चांगली बिअर वाया घालवली. बास झाला हा प्रयोग.”

सून वाकून परत परत वास घेत होती. तिला काही सापडत नव्हतं. मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “माझं चुकलं असेल. बॅरल तपासताना मी कमी पडले.”

एवढे शिकलेले लोक चामडं म्हणत होते, मशरूम म्हणत होते. त्या शेडमध्ये तो वास ओळखणारी मी एकटी. गप्प राहिले असते तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

“हिंग आहे तो,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वर्गात फळ्यापुढं उभी राहायची तशी मी पुढं आले. मी सगळं सांगितलं. बंबातलं पाणी, सोडा, ऊन, निखारे. “हिचा काही दोष नाही. हिनं मला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. ही लोणच्याची कंपनी आहे असं मी गावात सांगितलंय, म्हणून धुरीला नाही म्हणता आलं नाही. मी हिची सासू.”

मालकांना आधी कळेचना हसावं की रागवावं. मग त्यांनी पहिल्या पिंपातला ग्लास पुन्हा उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. “म्हणजे लाकडाचा दोष नाही,” ते म्हणाले. “बरं. पुढच्या वर्षी आणा. फक्त मधे कुठं उतरवू नका.”

सून हसली नाही. पाहुणे गेल्यावर तिनं तिसऱ्या पिंपाचं बूच काढलं, ते कलतं केलं आणि आठ महिने मुरलेली ती बिअर गटारीत सोडून दिली. मी शेजारी उभी राहून शेवटपर्यंत बघितलं. शेडभर हिंगाच्या फोडणीचा वास सुटला होता, आणि मला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

“धुतलंत त्याचं मला काही नाही, आई,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “माझ्यासाठीच केलंत ते. पण आठ महिने गप्प बसलात. आणि लोणचं...” ती वळली. नळ सोडून फरशी धुवायला लागली. मी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि तिच्या मागून पाणी लोटत गेले. परतीच्या वाटेवर यांनीही थट्टा केली नाही, म्हणजे मी काय केलं होतं ते कळा.

त्यानंतर तिचे फोन यायचे, पण तब्येतीचे, पाण्यापावसाचे. बिअरचा विषय निघायचा नाही. मी काढायची, ती “हो, चाललंय” म्हणून संपवायची. मग परत मार्च आला. जाळ्यांवर द्राक्षं वाळायला पडली आणि एका सकाळी तिचा फोन आला.

“आई, बॅरल निघालीत. दोन दिवस आपल्याच खोलीत उतरवते.”

“अगं, पण मालक नको म्हणालेत ना?”

“त्यांना सांगितलंय मी. एवढी थंड जागा वाटेत दुसरी नाही.” मग थोडं थांबून म्हणाली, “कुणाला हात लावू देऊ नका.”

तीन पिंपं उतरली. मी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले, शाळेत परीक्षेच्या वेळी पहाऱ्याला बसायची तशी. यांनी जेवायला हाक मारली तर ताट तिथंच मागवलं. दुपार कलली आणि काकी आल्याच. पदर खोचलेला, मुठीत पुडी.

“आली व्हय लोणच्याची पिंपं? मग पाणी ठिवू का तापत? हिंग मी घेऊनच आलीया.”

मी उठले. इतकी वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं, ते इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. “काकी, लोणच्याची न्हाईत ती. माझी सून बिअर करती. ह्यात मुरवती. लय भारी करती.”

काकींनी खोचलेला पदर सोडला. “बिअर म्हंजी... दारू?”

“व्हय.”

काकींनी एकदा पिंपांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग आत गेल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि बुचाच्या कडेला, बंद लाकडालाच नाक लावलं. बराच वेळ तशाच राहिल्या. गेल्या वर्षी सुनेला तसंच वाकलेलं बघितलं होतं.

“आवं बाई,” काकी उठत म्हणाल्या, “ह्यो तर आपल्या बेदाण्याचा वास हाय की. मग गेल्या साली आपुन धुतलं ते काय हुतं?”

“हेच,” मी म्हटलं.

काकींनी कपाळावर हात मारला. “अगं आई!” म्हणाल्या, आणि हिंगाची पुडी कमरेला खोचून माझ्या शेजारी दारातच राखण करायला बसल्या.